काडेपेटीवरचा कर

हेमा आगाशे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा बुधवार पेठेतल्या तिच्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे आता भाव उतरतील का?"

"नाही. पण का चढले ते कळेल."

"ते आम्हाला वाणी फुकट सांगतो."

१९७३ साली तिनं पीएच.डी.ला विषय घेतला, शेतीच्या उत्पन्नावर कर नसल्यानं विषमता किती वाढते. पाहणीसाठी पुण्याजवळचं मांजरी गाव निवडलं. रविवारी नवरा माधव सोबत यायचा. तो शाळेत गणित शिकवायचा. आकडे उतरवून घेणं त्याच्याकडे.

पण कमाईचे आकडे मिळेनात. गावातले मोठे बागायतदार सर्जेराव म्हणाले, "कर न्हाई, तर इचारता कशापायी? बसा, रस घ्या." रस झकास होता, उत्तर मात्र मिळालं नाही. बाकीच्यांनीही तेच केलं.

शेवटचं घर मथुराबाईंचं. त्या सर्जेरावांच्याच उसात खुरपणी करायच्या. हेमानं सवयीनं विचारलं, "कर किती भरता?"

"आमी कसला कर भरतोय, बाई! हाय काय आमच्याकडं?" असं म्हणत मथुराबाईंनी चहासाठी स्टोव्ह पेटवला. हेमा बघत राहिली. काडेपेटी, रॉकेल, चहापत्ती, साखर. प्रत्येक वस्तूच्या किमतीत सरकारचा कर होता.

पुढच्या रविवारी तिनं प्रश्नच बदलला. कमावलं किती, हे विचारायचं सोडलं. आठवड्यात विकत काय काय आणलं, एवढंच विचारलं. कमाई माणसं लपवतात, साबणाची वडी कोण लपवणार? कमाईचा अंदाज मजुरीच्या आणि उसाच्या दरांवरून बांधला. हिशेब झाला तेव्हा माधवनं तो दोनदा तपासला. कमाईच्या शंभर रुपयांमागे मथुराबाई सर्जेरावांपेक्षा जास्त कर भरत होत्या.

चर्चासत्रात श्यामसुंदर सर, विषयातले दादा माणूस, मध्येच म्हणाले, "बाई, आपण करनीतीवर बोलणार होतात की वाणसामानाच्या यादीवर?" सभागृह हसलं.

हेमाचे कान तापले. "यादीच वाचते, सर. पहिली वस्तू काडेपेटी." तिनं सगळी यादी वाचली, शेजारी कराच्या आकड्यासकट. शेवटी कुणी हसत नव्हतं. पण मांजरीतल्या चाळीस घरांवरून काही सिद्ध होत नाही, असं सरांनी बजावलं, आणि ते खरंच होतं. तिनं आणखी तीनशे घरं केली. मध्ये मुलगी झाली. प्रबंधाला सात वर्षं लागली.

पदवी मिळाल्यावर ती पेढे घेऊन मांजरीला गेली आणि मथुराबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी सरकारला मी बी पोसते?"

"सर्जेरावांपेक्षा जास्त. कमाईच्या मानानं."

मथुराबाईंनी पेढा पदराला बांधला. दोनेक महिन्यांनी सर्जेराव पुण्यात भेटले ते कुरकुरतच. "बाई, आमची खुरपणीवाली बिघडवलीत तुमी. पंचायतीत उभी ऱ्हाऊन म्हनती, मी कर भरते, वस्तीला नळ द्या."

"मग?"

"मंग काय! दिला."

पुढे हेमाबाईंनी पंचवीस वर्षं शिकवलं. दिल्लीच्या एका समितीवरही त्या गेल्या. दहा शिफारशी केल्या, एक मान्य झाली. निवृत्तीच्या सुमारास श्यामसुंदर सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून त्यांना कळलं, की सर दरवर्षी वर्गात तीच यादी शिकवत, आगाशेबाईंचं नाव घेऊन.

"तुला कधी बोलले नाहीत ते?" माधवनं विचारलं.

"छे! समोर भेटले की अजून चुकाच काढतात," हेमाबाई म्हणाल्या, आणि खुशीत त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.