देवीलालभाऊंचा तिसरा रकाना

ढाणकीच्या आमच्या वाचनालयात नियमांची पाटी आहे. 'पुस्तकात काहीही लिहू नये, लिहिल्यास सभासदत्व रद्द' हा चौथा नियम मीच लाल रंगात रंगवून घेतला, कारण कवितांच्या पुस्तकांत बदाम काढणाऱ्यांनी मला जेरीस आणलं होतं. मी इथली ग्रंथपाल. लोक तोंडावर इंदुताई म्हणतात आणि पाठीमागे खडूस म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

देवीलाल राठोड आमचे सभासद झाले ते कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर. त्यांचा तांडा गावापासून चार किलोमीटर, तिथून सायकलवर येतात. तीस वर्षं त्यांनी जिनिंगच्या फाटकावर कापूस पाहिला. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, मधला मूठभर कापूस ओढून काढायचा, धागा ताणून बघायचा आणि गाडीच्या चिठ्ठीवर शेरा लिहायचा. पुस्तकही ते तसंच निवडतात. कपाटातून काढलं की बरोबर मधोमध उघडून दोन पानं उभ्या उभ्या वाचतात. सुरुवातीपासून वाचा की, असं मी एकदा म्हटलं.

"ताई, वरचा थर त सारेच चांगला ठेवतात," ते म्हणाले.

त्यांच्या वाचण्याला काही धरबंध नाही. हेरकथा, शेळीपालन, दिवाळी अंक, संतांची चरित्रं, लोणच्यांचं पुस्तक, हाताला लागेल ते नेतात.

मागच्या उन्हाळ्यात मी एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीची चिठ्ठी बदलायला घेतली. ही चिठ्ठी शेवटच्या पानावर डकवलेली असते. तिच्यावर नंबर, तारीख आणि छापखान्यानं उगाच पाडून दिलेला तिसरा रिकामा रकाना. त्या रकान्यात बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ओलावा जास्त. दर प्रकरणात राजा रडते. वाळवलं त अर्धं वजन भरन.'

माझं डोकंच फिरलं. मी सगळं कपाट उपसलं. हेरकथेवर, 'खून चांगला. खुनी सातव्याच पानावर समजला, पण बायकोले सांगतलं नाई.' यशाचे मार्ग शिकवणाऱ्या पुस्तकावर, 'सारी सरकी. रुई दोनच पानं.' म्हणजे बियाच जास्त, कापूस नावाला. एका गाजलेल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागावर एकच शब्द, 'फरदड.' वेचणी संपल्यावर त्याच पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन जो उशिराचा हलका कापूस घेतात, त्याला फरदड म्हणतात. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. लोणच्यांच्या पुस्तकावर मात्र, 'एक नंबर. सुनेनं करून पाह्यलं. मीठ थोडं कमी घ्या.'

देवीलालभाऊ आले तशी मी त्यांना पाटीसमोर उभं केलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मले वाटलं थो रकाना शेऱ्याचा हाय," ते म्हणाले. "आमच्या जिनिंगात चिठ्ठीवर शेरा नसला त गाडी आत घेत नव्हते. मी म्हटलं, बाकीचे लोक आळशी हायेत, कोरी ठेवतात."

बिचाऱ्यांनी वर्षभर सगळ्यांच्या वाटचं काम मनापासून केलं होतं. मी खोडरबर घेऊन बसले. दोन शेरे खोडले. तिसरा एका कवितासंग्रहावर होता, 'समजलं नाई. पण वाचता वाचता चहा थंडा झाला, म्हंजे चांगलं असन.' मला इतकं हसू आलं की खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकलं. "लिहा," मी म्हटलं, "पण पेन्सिलीनंच. आणि अध्यक्षांच्या कानावर जाऊ देऊ नका." तोवर कॉलेजच्या पोरी पुस्तकं मागून उघडायला लागल्या होत्या. शेळीपालनाच्या पुस्तकासाठी नंबर लागायला लागले.

आमचे अध्यक्ष म्हणजे भगवानराव. मोठे शेतकरी, माणूस भला, पण शिस्तीचा. जानेवारीत त्यांचं आत्मचरित्र निघालं. मुलगा रजतनं छापून आणलं, मुखपृष्ठावर फेट्यातला रंगीत फोटो. सगळ्या गावानं 'अप्रतिम' म्हटलं. देवीलालभाऊ एक प्रत घेऊन निघाले तेव्हा मी दारापर्यंत मागे गेले आणि याच्यावर काही लिहू नका म्हणून बजावलं. त्यांनी मान हलवली. पण तीस वर्षांची सवय ती, चिठ्ठी कोरी सोडायला हात धजला नाही. आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून भगवानरावांनी नेमकी तीच प्रत मागून नेली.

रविवारी त्यांनी देवीलालभाऊंना वाचनालयात बोलावलं. रजतही होता. मला देवीलालभाऊंच्या कार्डाची काळजी. कार्ड गेलं तर पुढचं वाचनालय थेट उमरखेडला, आणि या वयात सायकलवर उमरखेड होत नाही. भगवानरावांनी चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं.

"पहिले साठ पानं वरचा थर. सत्कारच सत्कार. एकसष्ट ते अडुसष्ट असली माल. साराच असा पाह्यजे होता."

"बाबा, पाटीवर नियम लिहिलेला आहे," रजत म्हणाला. "कार्ड रद्द करा."

"लिहायची परवानगी मीच दिली होती," मी म्हटलं.

देवीलालभाऊंनी तोवर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. "ताईचा दोष नाई," ते म्हणाले. "खोटा शेरा लिवता येत नाई मले. कोरी ठेवाले पाह्यजे होती, थे चुकलं."

भगवानरावांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "एकसष्टाव्या पानावर काय हाय, सांग बरं."

देवीलालभाऊ सांगायला लागले. शाळेच्या नाटकात राजा झालेला लहानगा भगवान पहिलंच वाक्य विसरला, स्टेजवरून पळाला आणि कापसानं भरलेल्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, जाऊन लपला. तिथंच त्याला झोप लागली. पहाटे बंडी उमरखेडच्या बाजारात पोचली, व्यापाऱ्यानं मधोमध हात खुपसला, तर हाताला कापसाऐवजी मुकुट लागला. इथवर येईतो देवीलालभाऊंनाच हसू आवरेना. "तीस वर्षं मंधात हात घातला, राव," ते म्हणाले, "राजा कदी हाताले लागला नाई."

भगवानराव असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. मी त्यांना कधी एवढं हसताना पाहिलं नव्हतं. "हा म्हणे, थे पानं काढून टाका, अध्यक्षाले शोभत नाई," त्यांनी रजतकडे बोट दाखवलं. मग डोळे पुसत कार्ड देवीलालभाऊंकडे सरकवलं. "सारं गाव अप्रतिम म्हणून राह्यलं, देवीलाल. वाचलं तू एकट्यानं."

मला फार बरं वाटलं. रजतनं सगळ्यांसाठी चहा मागवला.

मंगळवारी वाचनालय उघडतं न उघडतं तोच भगवानराव देवीलालभाऊंना घेऊन आले. बगलेत हातानं लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता, दुसरा भाग. देवीलालभाऊंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बरोबर मधोमध बोटं घातली. भगवानराव समोरच्या बाकावर हात बांधून बसले, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. मी चौथ्या नियमाच्या पाटीखाली बसून पेन्सिलीला टोक केलं आणि देवीलालभाऊंच्या पुढ्यात ठेवली.