आईच्या भेगांसाठी आणलेला साबण

तेव्हा मी वर्ध्याला शिक्षिका होते. गावी, आंजीला, आई वांगी-मिरच्यांच्या वाडीत दिवसभर निंदायची. थंडी सुरू झाली की तिच्या हातांना भेगा पडून रक्त यायचं. मधाच्या साबणानं कातडी कोरडी पडत नाही असं ऐकून मी तिच्यासाठी एक वडी नेली. दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर पाहुण्यांनी ती अर्धी झिजवलेली.

"त्यायले काऊन देल्ली?" मी चिडून विचारलं.

"तुह्या बाबानं त्यायच्यासाठी मोरीवर मांडली," आई म्हणाली. "मले राखेनं चालते."

माझं डोकं भणभणलं. सुट्टीभर रोज संध्याकाळी मीच त्या साबणानं तिचे हात धुतले. पंधरा दिवसांत भेगा भरल्या. भाकरी थापताना ती कण्हेनाशी झाली.

बाबा जेवताना म्हणाले, "हात लय मऊ झाले. वावरात जाणं बंद करून राह्यली काय?"

आई नुसती हसली. मला ते हसूही सहन झालं नाही.

"उद्या तुमी निंदा," मी म्हटलं, "मंग तुमच्यासाठीही साबण आणीन."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मात्र उरलेला साबण उचलून आपल्या पेटीत ठेवला.