चीन विरुद्ध जपान, तीन मिनिटं: माझी पहिली काशी

काशीला मी पहिल्यांदा गेले ती मारामारी करायला. देवदर्शन झालं, गंगास्नानही झालं, पण निघाले होते मारामारीसाठीच.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते आणि कराटेचा काळा पट्टा मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर बनारसहून सुषमाचं, माझ्या मावसबहिणीचं, पत्र आलं. ती तेव्हा अकरावीत होती. जन्म बनारसचा, त्यामुळे मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवायची. पत्रात होतं, "नीलाताई, आमच्या मोहल्ल्यात एक मास्टर कुंगफू सिखवतात. ते चीन-जपान मुकाबला लावणार आहेत, अगदी सिनेमासारखा. जपानकडून कराटेवाला पाहिजे. मी तुझं नाव दिलं. मास्टर मुलींना क्लासमध्ये घेत नाहीत, पण तुला बघून आम्हाला घेतील, मला पूरा भरोसा आहे. माझ्या आईला यातलं काही लिहू नको."

घरी माझ्या आईला मी एवढंच सांगितलं की मावशीकडे जाते. "जातेच आहेस तर नीट सगळं करून ये," ती म्हणाली. बॅगेत पांढरा ड्रेस आणि पट्टा मी सगळ्यात खाली ठेवला.

नाशिकरोडहून स्लीपरने निघाले. वेळापत्रकात एक दिवसाचा प्रवास, प्रत्यक्षात तीस तास. जाणाऱ्यांनी दशम्या आणि चटणी घरून न्यावी. इटारसीपर्यंत पुरी-भाजी बरी मिळते, पुढे भरवसा नाही. इटारसीला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा पाय आखडले म्हणून मी फलाटावर उतरून दहा-वीस लाथा मारून घेतल्या. आमच्या डब्यातले एक आजोबा खिडकीतून सुनेला म्हणाले, "देखो तो, इसको चींटी काटी है क्या?"

बनारस कँटला उतरून सायकलरिक्षाने चौकापर्यंत आले. पुढे रिक्षा जात नाही. संकठा घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिथल्या चार-पाच घरांतून मराठी ऐकू येतं. मावशी दारातच उभी होती. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, काका रेल्वेत होते आणि त्या दिवसांत ड्यूटीवर गोरखपूरला होते.

"किती लेट झाली गं गाडी! हातपाय धू, नाश्ता कर, मग बोलू," मावशी म्हणाली. पानावर गरम कचोरी, वर भाजी, बाजूला जिलबी. सकाळी सकाळी जिलबी खायची सवय नसेल तर बनारसमध्ये दोन दिवसांत लागते.

खाणं संपत आल्यावर तिने शांतपणे विचारलं, "तर मुकाबला परसों आहे ना?"

सुषमाचा घास हातातच राहिला.

"मला काय अंधी समजता? पोस्टर आपल्याच भिंतीला चिकटवलंय."

खरंच होतं. घराच्या बाहेरच्या भिंतीवर हाताने रंगवलेलं पोस्टर होतं. एका बाजूला काळ्या कपड्यातला देखणा वीर हवेत उडालेला, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यातला मिशीवाला राक्षस. खाली मोठ्या अक्षरांत, "चीन बनाम जापान". तो मिशीवाला राक्षस म्हणजे मी.

संध्याकाळी मास्टरला भेटायला गेलो. एका जुन्या धर्मशाळेच्या अंगणात वीसेक मुलगे रांगेत हवेत लाथा मारत होते आणि दर लाथेला मांजरासारखे ओरडत होते. मास्टर तिशीचा, शिडशिडीत, केस कपाळावर कापलेले. कुंगफू तो शिकला होता एका फाटक्या पुस्तकातून आणि टॉकीजच्या पहिल्या रांगेतून. पण अंग लवचिक होतं, हे मान्य करायला हवं. उभ्या उभ्या लाथ डोक्याच्या वर नेत होता.

मला पाहून त्याने सुषमाला विचारलं, "नासिक वाले ब्लैक बेल्ट भाई साहब कहाँ हैं?"

"यही हैं," सुषमा म्हणाली.

मास्टर खाली बसला. मग म्हणाला, "लेडीज़ को मारेंगे तो पब्लिक क्या कहेगी?" आणखी थोड्या विचाराने त्याला तोडगा सापडला. "ऐसा कीजिए, तीसरे मिनट में हम उड़ के किक मारेंगे, लगेगी नहीं, आप बस गिर जाइए."

"आणि तुम्ही केव्हा पडणार?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

त्याला ते विनोदी वाटलं. "अरे, जापान ही न गिरता है! कल फ़िल्म देख लीजिए, गिरना समझ में आ जाएगा."

म्हणजे पडायचं कसं हे शिकायला मला सिनेमाला धाडण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने आम्हाला दशाश्वमेधला नेऊन बुड्या मारायला लावल्या. होडी करायची असेल तर उजाडतानाच करावी आणि बसायच्या आधी भाव ठरवावा. आम्ही केलेल्या होडीतून अमृतराव घाटाच्या पायऱ्या दिसल्या. "हा पुण्याच्या माणसाने बांधलाय," मावशी नावाड्याला ऐकवत होती. त्याने हे हजारदा ऐकलं असणार.

दुपारी बारापासून मात्र टॉकीज. लहुराबीरकडच्या त्या थिएटरात जुनी घासलेली प्रिंट लागली होती. मुलींना एकट्या सोडणार नाही म्हणून मावशीही आली. बाल्कनीत आम्ही तिघी सोडल्या तर एकही बाई नव्हती. खुर्च्यांची गादी गेलेली, आणि संवाद इंग्रजीत, तेही ओठांच्या मागून येणारे. कुणाला त्याची गरज नव्हती. ज्यांनी असे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांना गोष्ट दोन ओळींत सांगता येते. एका चिनी गावातल्या आखाड्यात जपानी कराटेवाले येतात, सगळ्यांसमोर गुरूचा अपमान करतात, मग दगाफटका करून त्याला मारतात. त्याचा शिष्य आधी मान खाली घालून सोसतो, मग एकटा त्यांच्या घरात शिरून सगळ्यांना लोळवतो.

पांढरे ड्रेस पडद्यावर आले की सगळं थिएटर शिट्ट्या मारून शिव्या घालायचं. तसाच ड्रेस माझ्या बॅगेत होता. घामाने पिवळा पडलेला, मी स्वतः शिवून शिवून टिकवलेला. पाच वर्षं पहाटे उठून, "मुलीच्या जातीला हे कशाला" ऐकत मी त्याला लायक झाले होते. आणि इथे तो दिसला की लोक थुंकत होते.

मावशी मात्र पदर तोंडाशी धरून पुढे सरकत सरकत खुर्चीच्या कडेवर आली होती. शिष्याने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ती ओरडली, "मार! मार त्याला!" मग माझ्याकडे बघून ओशाळली. "तुझ्या पक्षाचे आहेत नाही का ते?"

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीशी मास्टर वाट बघत होता. मातीच्या कुल्हडमधला चहा त्यानेच पाजला. "समझ गईं? कैसे गिरते हैं?"

"समजलं," मी म्हटलं. "मी पडणार नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी सांगितलं की आमचे सर सांगतात, कराटे जपानमध्ये आलं ओकिनावा बेटावरून, आणि तिथे ते गेलं चीनमधून. जुन्या काळी त्याला चिनी हात असंच म्हणत. "म्हणजे तुमचं आणि माझं घराणं एकच. कोण कुणाला आणि का पाडणार?"

"ये फ़िल्म में तो नहीं दिखाया," मास्टर म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "देखिए दीदी, पब्लिक के सामने लड़की को नहीं गिरा पाए, तो कल से हमारे पास कौन आएगा? क्लास बंद हो जाएगी हमारी."

तो खोटं बोलत नव्हता. मला एक क्षण वाईटही वाटलं. पण शेजारी सुषमा उभी होती, आणि तिच्याकडे तो एकदाही बघत नव्हता.

"मग पैज लावू," मी म्हटलं. "तीन मिनिटं. हलका हात. मला पाडलंत तर तुम्ही जिंकलात, मी माईकवर सांगेन. नाही पाडलंत तर सोमवारपासून क्लासमध्ये मुली घ्यायच्या."

टपरीवरचे चार लोक ऐकत होते. मास्टरला हसावंच लागलं. "मंज़ूर."

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता एका शाळेच्या मैदानात चुन्याने चौकोन आखला होता. लोक भिंतीवर, झाडावर, शाळेच्या गच्चीवर. मास्टर नवीन शिवलेल्या काळ्या रेशमी कपड्यांत आला. मी पांढऱ्या ड्रेसमध्ये चौकोनात पाय ठेवला आणि सगळीकडून एकच आवाज उठला, "जापान वापस जाओ!" कुणीतरी केळ्याचं साल फेकलं. माईकवर मास्टरचा एक मित्र होता. त्याने माझं नाव सांगितलंच नाही, नुसतं "जापान" म्हणाला.

पहिलं मिनिट मास्टरने उड्यांत घालवलं. दिसायला सुंदर होत्या. प्रत्येक उडीनंतर तो जमिनीवर टेकायचा तेव्हा त्याची छाती मोकळी असायची, आणि मी तिथे हात नेऊन टेकवायचे, नुसता टेकवायचे. एकदा, दोनदा, तीनदा. जाणकारांना कळत होतं. गच्चीवरून कुणीतरी हसलं.

ते हसू त्याला लागलं. दुसऱ्या मिनिटात त्याने लाथ मारली ती हलकी नव्हती. डाव्या बरगडीवर बसली. आवाज मला आतून ऐकू आला. श्वास घ्यायला गेले तर हवाच येईना. गुडघा वाकला आणि मैदान ओरडायला लागलं, "गिरा! गिरा! गिरा!"

इतकी माणसं आपण पडावं म्हणून एका सुरात ओरडतात तेव्हा कसं वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. भीती वाटली नाही. राग आला. पोस्टरच्या मिशीचा, सालाचा, माझं नाव न सांगणाऱ्या माईकचा, सगळ्याचा एकत्र. आणि त्या गोंगाटात एक मराठी आवाज आला, चिरका, शाळेत पोरांना दरडावणारा, "नीले! गुडघा टेकलास तर घरात घेणार नाही!"

मी सरळ झाले.

तिसऱ्या मिनिटात त्याने ठरल्याप्रमाणे उडून लाथ मारली. मी बाजूला झाले. तो रिकाम्या हवेतून जाऊन खाली आला तेव्हा त्याचा एकच पाय जमिनीवर होता. तो पाय मी सहज झाडू शकले असते. माझा पाय उचललाही गेला. मग मला त्याचा टपरीवरचा आवाज आठवला, आणि मी पाय परत ठेवला. त्याला ते दिसलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो आणि शिट्टी वाजली.

माईकवाल्याने धावत येऊन मास्टरचा हात वर केला. "चीन विजयी!" ढोल सुरू झाला.

मी चौकोनातून हलले नाही. ढोल थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. लोकांना ते चमत्कारिक वाटायला लागलं, आणि ते हळूहळू गप्प झाले. मग बरगडी धरून, जमेल तेवढ्या मोठ्याने विचारलं, "शर्त गिरने की थी. मैं गिरी क्या?"

मग झाडावरून कुणीतरी म्हणालं, "नहीं गिरी भाई." गच्चीवरून आणखी दोघं म्हणाले. टपरीवरचा एकजण पुढे आला, "मास्टर, हमारे सामने बोले थे."

मास्टरने माईक मागून घेतला. आपला विजय काही त्याने परत केला नाही. म्हणाला, "सोमवार से. शाम पाँच से छह, लड़कियाँ. माताजी लोग अंदर नहीं बैठेंगी." आणि माईक देऊन निघून गेला.

चौथ्या दिवशी छातीभोवती मावशीची जुनी सुती साडी घट्ट बांधून, हळदीचा लेप लावून मी सारनाथला गेले. शेअर टेम्पोने जाता येतं, पण बरगडी दुखत असेल तर जाऊ नका, रस्त्यातला प्रत्येक खड्डा कळतो. तिथे चिनी देऊळ आहे आणि जपानी देऊळही आहे, एकाकडून दुसऱ्याकडे चालत जाता येतं. सुषमाने दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने हात जोडले. मोठ्या विहाराच्या भिंतींवर बुद्धाची गोष्ट रंगवलेली आहे, एका जपानी चित्रकाराने. तिच्यासमोर मी बराच वेळ बसून राहिले. खरं सांगायचं तर दुसरीकडे चालवत नव्हतं.

नाशिकला आल्यावर एक्स-रे काढला. बरगडीला बारीक तडा होता. सहा आठवडे पी.टी. बंद.

सोमवारी नऊ मुली गेल्या, असं सुषमाने कळवलं. महिन्याने चार राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात सुषमानेच सोडलं, तिला परीक्षा होती आणि खरं तर लाथा मारणं तिला आवडलंच नव्हतं. एक मुलगी मात्र टिकली. साड्यांच्या दुकानदाराची, मी तिला पाहिलेलं नाही, नावही माहीत नाही. मास्टरने पुढे तिला मुलग्यांच्याच रांगेत उभं केलं. क्लास बंद पडला नाही.

मी चूक केली का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. मुलींच्या प्रवेशासाठी बरगडी मोडून घ्यायची काय गरज होती, विनंती करता आली असती. सुषमा दोन वर्षं विनंतीच करत होती. एवढंच माझं उत्तर.

पण सगळ्यात अवघड प्रश्न आईचा होता. मी अंथरुणात पडले होते, आणि ती कण्यांची पेज घेऊन आली होती. मला कशाने लागलं ते मी कबूल केलं होतं, तिचं रागावून झालं होतं. पेज पुढे करत तिने विचारलं, "ते असू दे. काशीला गेलीस, तर काय सोडून आलीस?" काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं, ही आमच्याकडची रीत. आईने पेरू सोडला होता, आजीने वांगं.

"काही नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही? भोपळा तरी सोडायचास. तसाही तुला आवडत नाही."

"नाही आई. काहीच सोडलं नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या पाठीमागे आणखी एक उशी सरकवली, मला ताठ बसता यावं म्हणून.