पंच नसलेला खेळ

गोल्फ हा खेळ नाही, हे मी आमच्या पूनम सागर सोसायटीच्या बागेत रोज सकाळी साडेसहाला सिद्ध करत असे. ऐकायला सी विंगमधले गुजराती काका असत. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे बाकावरून उठून जायची सोय त्यांना नव्हती.

माझा अधिकार मोठा होता. भाईंदरच्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षं पीटीचा मास्तर होतो आणि तितकीच वर्षं कबड्डीचा पंच. खेळ म्हणजे काय ते मला विचारावं, असं माझं मत होतं. कुणी विचारत नसे, म्हणून मी आपणहून सांगायचो. ज्यात घाम येत नाही, गुडघा फुटत नाही, आपलं सामान दुसरा वाहतो आणि मध्येच थांबून लिंबूपाणी पिता येतं, त्याला खेळ म्हणायचं तर लग्नाच्या वरातीलाही पदक द्यायला हवं. आणि शेवटी हुकमाचं पान म्हणून मी काढायचो की या खेळात पंचच नसतो. ज्याचे फटके त्यानेच मोजायचे. "तीस वर्षांत मला एक खेळाडू असा भेटला नाही काका, जो स्वतःहून म्हणाला की सर, मी बाद आहे."

काका गुडघा चोळत म्हणायचे, "लेकिन मास्तरजी, आपका लडका तो खेलता है ना?"

दुखणं तिथेच होतं. माझा मुलगा बेव्हर्ली पार्कात राहतो, आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मुंबईतल्या एका कंपनीत चांगल्या जागेवर आहे. साहेब लोक खेळतात म्हणून तो गोल्फ शिकायला गेला आणि त्यात पुरता अडकला. रविवारी आमच्याकडे जेवायला आला की गाडीच्या डिकीत काठ्यांची ती लांब पिशवी असायची. मी तिच्याकडे न पाहिल्यासारखं करायचो आणि त्याच्या आईला मोठ्याने विचारायचो, "काठ्या घेऊन कुठे निघालाय हा, म्हशी वळायला?"

कबड्डी त्याने नववीत सोडली. का सोडली, ती माझी आवडती गोष्ट होती. तेव्हा आम्ही भाईंदरजवळच्या मोरवा गावात राहायचो. शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना खाडीकडच्या मैदानावर होता, ठरलेला पंच आलाच नाही, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. दोन्ही बाजूंचे गुण सारखे. शेवटची चढाई माझ्या मुलाची. त्याने एकाला शिवलं, कडेकडेने परत फिरला, आणि मी शिट्टी फुंकली. पाय रेषेबाहेर, चढाई करणारा बाद. आमची शाळा एका गुणाने हरली. समोरच्या शाळेचे सर येऊन माझा हात दाबून गेले. "पोटच्या पोरालाही सोडलं नाही," असं पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत होते. माझ्या निवृत्तीच्या समारंभात हीच गोष्ट मी स्वतः सांगितली आणि टाळ्या मिळवल्या. मुलगा पहिल्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

तो माझ्याशी बोलायचा, नाही असं नाही. औषधं संपली का, लाइटचं बिल ऑनलाइन भरलंय, एवढं. त्यापलीकडचं तो आईशी बोलायचा आणि मी आत आलो की टीव्हीचा आवाज वाढायचा. मला तो परत हवा होता. ते मागायचं कसं, हे पीटीच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "कंपनीची मॅच आहे, घरच्यांना बोलावलंय. बाबा, येताय का? नाही आलात तरी चालेल."

शेवटचं वाक्य मला लागलं. बायको म्हणाली, "अहो, जाऊन या. आणि तिथे भाषण देऊ नका."

मी माझा निळा ट्रॅकसूट घातला, पांढरे कॅनव्हासचे बूट पांढरे करून घेतले आणि निघालो. क्लबाच्या दारावर एका विनम्र माणसाने मला थांबवलं. ट्रॅकसूट चालत नाही, म्हणाला. खेळाच्या जागी खेळाचे कपडे चालत नाहीत, हे ऐकून मला इतका आनंद झाला की अपमान वाटायचा राहून गेला. काकांना सांगायला आणखी एक मुद्दा मिळाला होता. मुलाने पिशवीतून पँट आणि कॉलरचा शर्ट काढला. त्याच्या आईने ते आदल्या दिवशीच इस्त्री करून त्याच्याकडे दिले होते.

पुढचे चार तास मी हिरवळीवरून चालत होतो. चौघं जण खेळत होते, त्यात त्याचे साहेबही. मी मागून हात पाठीशी बांधून, पंचाच्या अंतरावरून. माणूस चेंडूपाशी जातो, त्याच्याकडे टक लावून पाहतो, कंबर हलवतो, पुन्हा पाहतो. आमच्यात एवढ्या वेळात अर्धा संघ बाद झाला असता. पण सहाव्या खळग्यापर्यंत माझ्या पोटऱ्या भरून आल्या आणि शर्ट पाठीला चिकटला. घामाचा मुद्दा मी मनातल्या मनात मागे घेतला.

शेवटचा खळगा उरला तेव्हा मुलगा आणि साहेब बरोबरीत होते. मुलाचा चेंडू कडेच्या झाडाखाली दाट गवतात गेला. बाकीचे तिघे लांब, आपापल्या चेंडूपाशी. मी झाडामागे होतो. तो खाली बसला, चेंडूला टेकलेलं एक सुकं पान त्याने दोन बोटांनी उचललं, आणि चेंडू हलला. किती? बोटाच्या एका पेराएवढा. मी पाहिला आणि त्याने पाहिला. मी तिथे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

तो उठला आणि हात वर करून ओरडला, "माझ्याकडून हलला. एक फटका दंड."

साहेब लांबून म्हणाले, "अरे छोड ना यार, किसने देखा?"

"मैंने देखा, सर."

त्याने चेंडू जागच्या जागी परत ठेवला, मारला, आणि एका फटक्याने हरला. कप साहेबांना मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. त्या टाळ्या मी ओळखल्या, निवृत्तीच्या समारंभातल्याच होत्या.

मी तिथल्या एका खुर्चीत बसलो आणि लिंबूपाणी घेतलं. ती आवडती गोष्ट सांगताना एक तुकडा मी नेहमी गाळत आलो होतो. शिट्टी वाजल्यावर तो माझ्यासमोर आला होता. शाळेत मला सर म्हणायचं असा माझा दंडक होता. "आत हाय, सर," तो म्हणाला. "बगा ना, फक्की न्हाय लागली." आणि एका पायावर उभं राहून त्याने मला उजवा तळवा दाखवला. रेषा फक्कीने आखलेली होती. पाय तिच्यावर पडला असता तर पांढरी पूड तळव्याला चिकटली असती. मला फक्त खाली बघायचं होतं. मी गुणफलकाकडे बघितलं. खाली बघितलं असतं आणि तळवा कोरा निघाला असता, तर लोक म्हणाले असते की बापाने पोराला जिंकवलं. खरं सांगायचं तर पाय कुठे पडला ते मला दिसलंच नव्हतं. मी माझं नाव वाचवलं आणि त्याला न्याय म्हटलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "तुला कुणी बघितलं नव्हतं, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"असंच खेळतात बाबा हे," तो म्हणाला आणि टोलसाठी काच खाली घेतली.

घरी पोचलो. दारात तो बूट काढत होता. मी म्हटलं, "उजवा पाय दाखव. तळवा."

तो जराही गोंधळला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. चाळिशीला आलेल्या त्या माणसाने चौकट धरली, मोजा काढला आणि पाय वर केला, नववीत केला होता तसाच. बायको पोळ्या टाकून बाहेर आली. मी चष्मा लावला, खाली बसलो, त्याचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि टाचेपासून बोटांपर्यंत नीट पाहिला.

"आत हाय," मी म्हणालो.

माझ्याने पाय सोडवेना.

"सोडा बाबा, पडेन मी," तो म्हणाला, पण पाय त्याने ओढून घेतला नाही.