संध्याकाळची खेप मला द्या

‘उजवी किडनी कामातून गेलीय,’ नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून सांगितलं. ‘खड्यानं वाट अडवली, लघवी आतच साचत गेली, किडनी फुगून बाद झाली. ह्याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. धंदा काय तुझा?’

‘पाण्याचा टँकर चालवतो, साहेब.’

‘आणि पाणी पीत नव्हतास?’

शेजारची नर्स फिसकन हसली. मला असा राग आला म्हणता!

का पीत नव्हतो ते सांगतो, कारण माझ्यासारखे शहाणे अजून असतील. लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या मालकाकडे टँकरचा ठेका होता. लातूरला टाकी भरायची अन् चाकूरच्या बाजूच्या गावांना पाणी टाकायचं, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. गावात शिरलो की बाया उन्हात घागरी घेऊन बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण घटाघटा पाणी प्यायचं? मला ते जमलं नाही. ओठ चिकटले की चहा मारायचो. कमरेत कळ आली की गाडीच्या सीटला शिव्या द्यायचो. लघवी लाल झाली तर म्हणालो, उष्णता हाय. दुखणं अंगावर काढण्यात आपण लई मर्द! तुम्ही तसं करू नका. लाल दिसली त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एके दुपारी स्टेअरिंगवरच वाकडा झालो. आधी लातूर, तिथून एसटीनं नांदेड. व्हरांड्यात रांगा, रक्त तपासणी, परत रांगा. मग नेफ्रेक्टमी केली, म्हणजे किडनीच काढून टाकली. वॉर्डातल्या नळालासुद्धा पाणी नव्हतं. माझी बायको शांता कुठून कुठून आणायची आणि तांब्या तोंडाला लावायची. ‘प्या मुकाट्यानं,’ म्हणायची अन् तोंड फिरवून डोळे पुसायची.

टाके ओले होते तेव्हा किसन भेटायला आला. तो आमचाच दुसरा ड्रायव्हर. मी पडल्यावर माझ्या खेपा त्याच्याकडे गेल्या होत्या. खाटेच्या कडेला बसला अन् टोपी काढून हातात घेतली.

‘वस्तीवरच्या सखूबाईची सून गेली रं. जुन्या आडात पाणी खरवडाया उतरली अन् कड ढासळली.’

‘वस्तीवर टँकर नेत नव्हतास?’

‘मला काय ठाव? कागदावर गावातली विहीरच हाय. तिच्यातच वतून राहिलो मी.’

किसन वाईट माणूस नाही. त्याला सांगायची सवडच मला मिळाली नव्हती. संध्याकाळची खेप ज्या गावाला, तिथं बौद्ध वस्ती ओढ्यापलीकडे होती. गावच्या विहिरीत वस्तीतल्या बायांना घागर बुडवू देत नसत. कुणी वरून ओतलं तर पाणी, तेही सगळ्या गावाचं भरून झाल्यावर. मी स्वतः बौद्ध, मला हे कुणी शिकवायला नको. मी अर्धी टाकी विहिरीत सोडायचो आणि अर्धी घेऊन ओढ्यातून गाडी वस्तीवर काढायचो. सखूबाई तिथली म्हातारी, सगळ्यांना रांगेत बसवायची. मालकाला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

किसन गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. रडताना टाके लई दुखतात.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, ‘आता एकच किडनी आहे. रोज चार तांबे पाणी पोटात गेलंच पाहिजे. दिवसभर गाडी चालवणं बंद. अर्धा दिवस काम माग.’

माग म्हणायला काय जातं! मालकाची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिलो.

‘मालक, अर्धी ड्युटी द्या.’

‘अर्धी? मला पुरा माणूस पायजे.’

‘पुरा व्हतो तवा तुमचंच काम केलो.’

मालकानं मान खाजवली. ‘बरं. सकाळची खेप घे, गार असतंय. संध्याकाळची किसन करील.’

शांतानं घरून निघताना बजावलं होतं, जे देतील ते हात जोडून घ्या. सकाळची खेप माझ्या अंगाला मानवणारी होती. पण सखूबाईची सून डोळ्यांसमोरून हलेना.

‘सकाळची न्हाई. संध्याकाळची द्या.’

‘वा रे वा! भीक मागायची अन् वर ज्वारी नको, गहू घाला!’

मग मी सगळं सांगून टाकलं. वस्ती, आड, सून. मालक गादीवरून उठलाच. ‘माझी गाडी ओढ्यात घालत होतास?’

‘हाव. अन् आता बी घालणार.’

वाटलं, आता पायताण घेऊन अंगावर येतो. पण तो पुन्हा खाली बसला.

‘टँकर चालू हायत तवर कर. पाऊस पडला की दुसरा मालक बघ.’

पुढं तसंच झालं. माणूस शब्दाचा पक्का होता.

घरी सांगितलं तर शांता म्हणाली, ‘डोकं बी काढून घेतलं का दवाखान्यात?’ आणि चुलीपुढं बसून रडली. दुसऱ्या दिवशी निघताना मात्र छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, भरून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. नेहमी गाडी दिसली की गलका व्हायचा. त्या दिवशी सगळे घागरी पायाशी ठेवून उभे. मी उतरून पाइप सोडायला गेलो, तर सखूबाईनं कॉकवर हात ठेवला. दुसऱ्या हातात रिकामा तांब्या होता.

‘जयभीम भाऊ. आधी तू पी.’

‘मावशी, आधी घागरी भरू द्या.’

‘पी म्हणते ना! किसननं तुझं समदं सांगितलंय. माझी सून पाण्यापायी गेली. तू बी पाण्यापायीच जाणार का?’

तिनंच तांब्या भरून दिला. लेकराबाळांसकट अख्खी रांग माझ्याकडे बघत होती, एकानंही घागर पुढं केली नाही. मला लाज वाटली, रडू आलं, पण प्यालो. सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत.

‘अजून एक,’ सखूबाई म्हणाली.

दुसरा तांब्या रिकामा झाला, तेव्हाच तिनं आपली घागर पाइपाखाली लावली.