वडिलांचा वेगळा गिलास

गावात नवे मोबाईल वाजू लागले त्या वर्षी वडिलांच्या मेंदूत गाठ निघाली. गाठ दुसऱ्यालाही लागते, असे भावकीनं आईचे कान भरले आणि तिनं त्यांचा गिलास वेगळा ठेवला. माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन बीडच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "गाठ कुणाला लागत नाही. अशा गाठींत एक साधा विषाणू सापडतोय म्हणतात. तोच कारण का, ठाऊक नाही. लहानपणी थुंकीतून येतो, जन्मभर गुपचूप राहतो. बहुतेक तुमच्या-माझ्यातही असेल."

मी थक्क झालो. एवढी जन्माची सोबत, आणि मला पत्ता नाही!

आई म्हणाली, "तुला दात येईस्तोर म्याच भाकर चावून भरवली."

घरी येताच तिनं वडिलांच्या गिलासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.