साहेबांना कळवलेलं पाणी

सांगलीच्या कोर्टात आमचे साहेब आधी वकील होते आणि वर्षातून एक महिना लष्कराच्या प्रादेशिक सेनेत अधिकारी. त्यामुळे न्यायाधीशांसमोरही ते सावधान उभे राहत. साखर कारखान्याच्या सांडपाण्यानं आमच्या गावाजवळ कृष्णा काळी झाली, मासे मेले, तेव्हा आमचा दावा त्यांनीच लढवला. बाटलीभर पाणी त्यांनी थेट न्यायाधीशांच्या नाकाशी धरलं. पुढची तारीख लगेच मिळाली.

मग सरकारनं नद्या स्वच्छ ठेवायला नवं खातं काढलं आणि साताऱ्याच्या कचेरीत त्यांनाच साहेब नेमलं. गावानं पेढे वाटले. मी आणि माझे चुलते तात्या त्यांच्याकडे गेलो.

"आवं सायेब, नदी अजून काळीच हाय," तात्या म्हणाले.

"वकील म्हणून मला ते ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "अधिकारी म्हणून अजून कळवण्यात आलेलं नाही."

तात्या उठायला लागले. साहेबांनी त्यांना बसवलं, आमचा अर्ज स्वतःच लिहिला, तात्यांचा अंगठा घेतला आणि त्यावर 'मिळाला' असा शिक्का मारला. मग चष्मा पुसून अर्ज पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला.

"प्रकरण गंभीर आहे," म्हणाले, आणि त्याच दिवशी सांडपाणी बंद करण्याचा हुकूम काढला.

सरकारनं या तत्परतेची दखल घेतली. नदी निवळली त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. नवे साहेब हुकूम मागं घेणार हे उघडच होतं. त्यामुळे जुन्या साहेबांना निरोप द्यायला कुणालाच सवड झाली नाही. सगळं गाव घाईघाईनं नदीवर धुणं धूत होतं.